बहिणीच्या बोलण्यापायी

माझी धाकटी बहीण पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आमच्या सेनगावकडच्या गावात सल्ले फुकट मिळत. इलाजापायी मात्र आईच्या अंगावरचं एकेक उतरत गेलं. आधी जिभेला मध-वेखंड झालं. मग आत्याच्या सांगण्यावरून पोपटाचा उष्टा पेरू आणला. पोपटवाल्यानं त्या अर्ध्या पेरूची पायलीभर ज्वारी घेतली. पेरू खाऊन बहीण हसली, एवढाच काय तो गुण आला.

कानांची शंका कुणालाच आली नाही. बैलगाडी यायची झाली की ती आमच्या आधी दाराशी धावायची. जमिनीची थरथर तिच्या अनवाणी पायांना कळत होती, हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की कान शाबूत आहेत, जीभच जड आहे.

निजामाचं राज्य होतं. बाबा आम्हाला हिंगोलीपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं रेल्वेनं वसमतच्या एका हकिमाकडं घेऊन निघाले. चुलते म्हणाले, "पोरीवर काहून येवढं घालून राहिला? उद्या परक्याच्या घरी जायाची ती."

बाबा भडकले. "मुक्या पोरीला नेणार कोन, ते सांग आधी!"

त्यांची सगळी धडपड त्या एका भीतीपोटी होती. आईनं हातातले चांदीचे गोठ काढून दिले.

हकिमानं तिच्या जिभेखालची शीर कापली. लेकरू तोंडातलं रक्त गिळत थरथरत राहिलं. मग त्यानं पथ्य सांगितलं, "बच्ची हात से मांगती, इसलिए जबान नै चलती. मुंह से मांगे, तभीच देना."

ती हातांची बोली आमच्या घरचीच होती. मिशीला पीळ दिला की बाबा, नाकातल्या फुलीच्या जागी बोट ठेवलं की आई, ओंजळ तोंडाशी नेली की पाणी. माझ्या चहाड्या तर ती अशा रंगवून सांगायची की मार हमखास मलाच बसायचा.

घरी आल्यावर ते सगळं बंद झालं. तिनं ओंजळ तोंडाशी नेली की बाबा तिचा हात धरून खाली दाबायचे. "पानी म्हन, बाई. येकडाव म्हन." ती त्यांच्या ओठांकडं बघून आपले ओठ हलवायची, पण आवाज यायचा नाही. मी आडवा गेलो की मलाही फटका बसे. आई तोंडात पदर कोंबून बसायची. हकिमाकडं पुन्हा फेरी झाली आणि आईच्या कमरेची साखळीही गेली. त्या हकिमाचा मला आजही संताप येतो. बाबांचा येत नाही, कारण रोज तिला निजवून झाल्यावर ते रडायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी ती घरात दिसेना. शोधत शोधत आम्ही गोठ्यात गेलो. गुरांच्या दगडी डोणीत तोंड घालून ती पाणी पीत होती. आमच्याकडं मागणंच तिनं सोडून दिलं होतं.

आईनं हंबरडा फोडला. "चुलीत घाला तुमचं ते पथ्य!" असं म्हणत तिनं बहिणीला जवळ ओढलं आणि स्वतःची ओंजळ तोंडाशी नेऊन तिला विचारलं, आणखी पाणी हवं का.

बहिणीनं घाबरून बाबांकडं पाहिलं, आणि आईचा हात दोन्ही हातांनी धरून खाली दाबला.