पाचव्या जागेवरचं नाव

ऑफिसात तिला माघारी शंकाबाई म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणेनात का! लिफ्टसाठी वीस वर्षं सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईने डोळे मिटून विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

लिफ्ट दर मिनिटाला एक आकडा पाठवते. त्या आकड्यात बत्तीस बारीक खुणा, प्रत्येक चालू नाहीतर बंद. नुसत्या आकड्यातून माणसाला काय कप्पाळ कळणार, म्हणून तिनेच नावांची एक यादी केली होती. तिसरी खूण चालू असली की यादीतलं तिसरं नाव छापायचं, इतकं साधं.

गेले तीन दिवस एका लिफ्टच्या अहवालात 'दार सैल' असं येत होतं. ते दार बसवलं होतं तिच्या धाकट्या दिराने, आणि साहेब आज चार वाजता त्याला कामावरून काढणार होते.

"वहिनी, मी दोनदा तपासलंय," तो फोनवर म्हणाला.

"तू असंच म्हणणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

तरी चैन पडेना. तिने नावं बाजूला ठेवून नुसता आकडा छापला. पाचवी खूण चालू होती. मग कुठली खूण कशाची हे ठरवणारी मूळ फाइल उघडली, तर पाचव्या जागेवर दार नव्हतंच. तिथे होतं 'ब्रेक झिजला'. दार सहाव्या जागेवर सरकलेलं, आणि नावांची यादी मात्र जुनीच.

कुणा मेल्याने ही खूण मधेच घुसवली? नवी खूण शेवटी जोडायची, हे शेंबडं पोरही सांगेल. शेजारच्या टेबलावरच्या शहाण्याचंच काम, याची तिला खात्री होती. तिने बदलांची नोंद काढली. सहा महिन्यांपूर्वीचा बदल, आणि पुढे तिचंच नाव. 'ब्रेक गरम'च्या शेजारी 'ब्रेक झिजला' नीटनेटकं दिसेल, म्हणून तिनेच ती तिथे बसवली होती. तीन दिवस माणसं त्या ब्रेकच्या भरवशावर वरखाली करत होती.

तिने दिराला फोन लावला. "लिफ्ट बंद कर. आधी बंद कर, मग बोल."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "बंद केली. आत कुणी नव्हतं. वहिनी, ब्रेकची पट्टी पार संपलीये."

ती उठली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांच्या हातात अहवाल होता.

"त्याचं दार नीट आहे," ती म्हणाली. "खोटं मी छापलं, साहेब. तीन दिवस."