पडवीतली बिअर

माझ्या जिभेचा गावात जरा दबदबा आहे. नागावात कुणी आगळ काढलं की वाटीभर आमच्याकडे येतं. "बाय, जरा चाखा नि सांगा, मीठ जास्ती झालंय का?" आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या ताज्या फळाचा, खारवलेला रस. मीठ कमी पडलं तर बुरशी धरते, जास्त झालं तर सोलकढी तोंडात धरवत नाही. मी थेंबभर जिभेवर घेते, टाळ्याला लावते आणि थुंकते. मग जे असेल ते तोंडावर सांगते. त्यामुळे एक-दोन घरांतून वाटी यायची बंद झाली, पण माझा नाइलाज आहे. खोटंच सांगायचं तर चाखायचं कशाला?

हीच जीभ घेऊन मी एक दिवस बिअर चाखायला बसेन, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या मुलीने औषधांच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि पुण्याला एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवायला लागली. हे बँकेतून निवृत्त झालेले, सरळमार्गी. नातेवाइकांनी विचारलं की सांगायचे, "फूड प्रोसेसिंगमध्ये आहे." मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. पण खरं सांगायचं तर ती लांब गेली याचंच मला जास्त लागलं होतं. ती घरी असताना मे महिन्यात आम्ही दोघी परसात रातांबे फोडायला बसायचो. कोपरापर्यंत हात लाल व्हायचे आणि तोंडं अखंड चालू असायची. ती गेल्यापासून मी झाडाचे सगळे रातांबे शेजारणीला देऊन टाकते. एकटीने कुणासाठी फोडायचे?

दिवाळी झाल्यावर ती थर्माकोलची पेटी घेऊन आली. पेटीत बर्फ आणि बर्फात बाटल्या. सोबत कागदात गुंडाळलेले पातळ काचेचे ग्लास.

"आई, काशीदच्या वाटेवर एका गृहस्थांनी शेड घेतलीय. तिथे ब्रुअरी काढतायत. त्यांना बिअर बनवणारं माणूस हवंय," ती म्हणाली. "रविवारी दुपारी ते आपल्याकडे येतील. मी केलेल्या चार बिअर चाखतील. पटल्या तर मी इथेच, घरून ये-जा करायची. नाही पटल्या तर बेंगळुरूच्या कंपनीला हो कळवायचं."

या सगळ्यातला 'इथेच' एवढा एकच शब्द मला ऐकू आला. त्यानंतर दोन दिवस माझं लक्ष कशात म्हणून लागलं नाही.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "उद्या त्यांनी चाखायच्या आधी तू चाख."

"मी? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आगळ चाखतेस तशी चाख. मला तोंडावर खरं सांगणारं दुसरं कुणी नाहीये."

झालं! एवढं म्हटल्यावर मी पडवीत येऊन बसले. हे मात्र उठले. "घरात देव आहेत," म्हणाले. "पडवीत नाहीत, बाबा," असं तिने म्हटल्यावर पेपर घेऊन वाडीत जाऊन बसले. खुर्ची मात्र पडवीकडे तोंड करून ठेवली.

तिने मला आधी नियम सांगितले. तिखट काही खायचं नाही. मधे पाण्याचा घोट आणि पावाचा कोरडा तुकडा. नाक दमलं तर स्वतःच्या दंडाचा वास घ्यायचा, म्हणजे ते पुन्हा ताळ्यावर येतं. हे मला नवीन होतं. मी लगेच करून बघितलं आणि खरंच तसं होतं.

"आणि थुंकायचं नाही," ती म्हणाली. "कडूपणा घशाशी कळतो. गिळावीच लागते."

आता आली का पंचाईत! मी देवघराच्या दिशेने एकदा बघितलं आणि ग्लास उचलला.

पहिली गव्हाची. पिवळी, गढूळ, वर बोटभर पांढराशुभ्र फेस. वास घेतला आणि मी दचकलेच. "अगं, केळं! पिकलेलं वेलची केळं. आणि मागून लवंग."

"बरोब्बर!" ती टाळी वाजवून म्हणाली.

"केळं किती घातलंस?"

"एकही नाही. लवंगही नाही. ते सगळं यीस्टचं काम."

मला पटेना. इतकी वर्षं मी फळ्यावर लिहून दिलं, साखर अधिक यीस्ट, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. पोरांनी ते घोकलं. पण त्या खटाटोपात केळ्याचा वास निर्माण होतो हे मला कुणी सांगितलं नाही, पाठ्यपुस्तकानेही नाही. मी पुन्हा वास घेतला. केळंच! मग घोट घेतला, गिळला, आणि फेसाची मिशी पुसायची विसरून तिला प्रश्न विचारत सुटले. यीस्ट बदललं तर वास बदलतो का? थंडीत वेगळा येतो का? ती हसायला लागली. लहानपणी ती मला असंच भंडावून सोडायची.

दुसरी तांबूस. तिला पपनसाच्या सालीचा वास, पपनस सोलताना बोटांना राहतो अगदी तोच. चव मात्र कडूजहर. "शी! हे लोक हौसेने पितात?" मी म्हटलं. पण कडू ओसरल्यावर तोंडात काहीतरी चांगलं मागे राहिलं, आणि ते काय आहे हे बघायला मी आणखी एक घोट घेतला. मग आणखी एक. "आई, पुरे," ती म्हणाली.

तिसरी काळीकुट्ट. भाजणीचं धान्य परतताना हात जरा लांबला की घरभर वास सुटतो ना, तो. जळण्याच्या अलीकडचा. ही मला मनापासून आवडली. मी तसं म्हटलं तेव्हा वाडीतून आवाज आला, "काळी कडू आहे का गं?"

"तुम्ही पेपर वाचा!" मी म्हटलं.

चौथी कोकमाची. काय रंग होता! गुलाबीच्या पुढचा, लालच्या अलीकडचा. मी मोठ्या आशेने घोट घेतला. आधी मीठ आलं, मग एक जुनाट, कपाटातला आंबटपणा. मी दंडाचा वास घेऊन पुन्हा चाखली. तेच.

"आमसुलं कुठून आणलीस?"

"पुण्यातून. दुकानातून."

"मागच्याच्याही मागच्या वर्षीची असणार. यात रातांबा नाहीये गं. नुसता रंग आहे."

तिचं तोंड एवढंसं झालं. "आई, त्यांना हीच हवीय. कोकणातली ब्रुअरी, कोकमाची बिअर. फोनवर पहिलं तेच विचारलं त्यांनी."

"मग ताज्या रातांब्यांची कर."

"आत्ता? आत्ता कुठून आणू रातांबे?" ती बाटल्या आवरायला लागली आणि मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. मला स्वतःच्या जिभेचा इतका राग कधी आला नव्हता. जी बिअर तिला घरी आणणार होती, नेमकी तिलाच मी नावं ठेवून बसले होते.

रविवारी सकाळी तिने ग्लास स्वतः धुतले आणि पडवीतल्या बाकावर स्वच्छ जाळीवर उपडे घातले. "यांना कुणी हात लावू नका," असं बजावून आंघोळीला गेली. आमच्या विहिरीचं पाणी जरा मचूळ. वाळल्यावर काचेवर पांढरे डाग राहतात. माझी नजर गेली आणि जीव वर-खाली व्हायला लागला. जिच्यावर मुलीचं घरी येणं अवलंबून आहे त्या पाहुण्यासमोर असे डागाळलेले ग्लास ठेवायचे? लोक काय म्हणतील, आईने काही शिकवलं नाही? मी समई आणि आरसा पुसायचं माझं मऊ फडकं आणलं आणि एकेक ग्लास आतून-बाहेरून लख्ख केला. अगदी चकचकीत. मग होते तसेच उपडे घातले आणि फार समाधानाने आत जाऊन खोबरं खवायला बसले.

गृहस्थ वेळेवर आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, मला "काकू" म्हणून नमस्कार केला. हे ओटीवरून पडवीत येऊन बसले. आज देवाचं नाव काढलं नाही. मुलीने गव्हाची बिअर ओतली. फेस भसकन वर आला आणि बघता बघता बसला. पिवळं पाणी उरलं. गृहस्थांनी ग्लास उजेडात धरला. "हं," म्हणाले. दुसरी ओतली. तिचाही फेस तसाच गेला. पुन्हा "हं."

"फेस धरत नाही का?" त्यांनी विचारलं.

मुलीने ग्लासाकडे बघितलं. मग माझ्याकडे, माझ्या हातांकडे बघितलं. तिला काहीतरी कळलं, हे मला स्पष्ट दिसलं. पण ती म्हणाली, "प्रवासात बाटल्या हलल्या असतील."

हलल्या? काल त्याच पेटीतल्या बाटल्या होत्या आणि फेस माझ्या ओठावर बसला होता. बिअर तीच, पडवी तीच. मग बदललं काय? माझं डोकं चालायला लागलं. आणि एकदम आठवलं, न्हायच्या दिवशी तेल चोपडलेल्या केसांना पहिल्या हाताला कधी फेस येतो का? कपाळ माझं! ते फडकं! आमच्या वाडीचं घरचं खोबरेल, ते समईत, केसांत, दाराच्या बिजागरीत, सगळीकडे. फडकं तर त्यातच वाढलेलं. आम्हाला आता त्याचा वाससुद्धा येत नाही. आणि मी म्हणे विज्ञानाची बाई!

पोरीला हे कळलं होतं आणि तिने मला पाहुण्यासमोर उघडं पाडलं नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला तेलकट ग्लास दिला हे कबूल करणं म्हणजे बाईमाणसाची अब्रूच गेली. पण तिच्या बिअरची अब्रू माझ्यापायी जात होती, ते मला बघवेना.

"थांबा जरा," मी म्हटलं. "तिच्या बिअरमध्ये काही खोट नाही. ग्लासांना खोबरेल लागलंय. मी पुसले ते."

"आई!" मुलगी म्हणाली.

गृहस्थांनी ग्लास नाकाशी नेला आणि मोठ्याने हसले. "खोबरेलच की हो!"

मी आगळासाठी ठेवलेलं जाडं मीठ आणलं. त्या मिठाने मी ग्लास आतून खसाखसा चोळले, मुलीने पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळले आणि तसेच ओले, डागांसकट पुढे ठेवले. पुन्हा ओतली. फेस वर आला, थांबला, तिथेच राहिला. गृहस्थांचा चेहरा खुलला. गव्हाची त्यांनी संपवली. पपनसाच्या वासाच्या बिअरबद्दल तिला खोदून खोदून विचारलं. काळीला नुसती मान डोलावली, पण दोनदा. मी खांबाला टेकून उभी होते.

मग कोकमाची. तिचा रंगच बघत राहिले ते. घोट घेतला. "छान आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आवडेल. हीच पहिली काढू." आणि माझ्याकडे वळले. "काकू, तुम्ही चाखलीत? कशी वाटली?"

एक 'छान' म्हटलं की पोरगी घरी येणार होती. शब्द ओठांवर आला होता. देवाशपथ सांगते, मी म्हणणारच होते.

"ही नका काढू," मुलगी म्हणाली. "हिच्यात रातांबा नाहीये. नुसता रंग आहे."

गृहस्थांनी विचारलं, "मग कधी होईल?"

"मे महिन्यात. झाडावरचे रातांबे उतरल्यावर."

"तोवर लोकांना काय सांगू, कोकणात येऊन कोकमाची बिअर नाही?"

"हो, तेच सांगा."

त्यांनी ग्लास खाली ठेवला, "कळवतो" म्हणाले, नमस्कार केला आणि गेले. मुलगी बघायला आलेले लोक म्हणतात ते 'कळवतो' आम्हाला चांगलं माहीत होतं.

गाडी वळेपर्यंत मी धीर धरला. मग तिच्यावर ओरडलेच. "कशाला तोंड उघडलंस? मी छान म्हणणार होते!"

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर बोलले. तू एकदा 'छान' म्हणाली असतीस ना, तर पुढे तू कधी खरं बोलतेस ते मला कळलं नसतं." मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "फडक्याचा मात्र कहर केलास हं, आई."

सोमवारी पहाटे ती पुण्याला गेली. उरलेली काळी यांनी पिऊन टाकली, "वाया कशाला घालवायची," म्हणाले. मग नुसते दिवस जायला लागले. फोन वाजला की मी धावायचे आणि कुणीतरी आगळाचं विचारत असायचं. मी मनात बेंगळुरूची तयारी केली. तिथे तिला काय काय पाठवता येईल याचा विचार करायला लागले, आणि एकीकडे डोळे पुसत होते.

एका दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा.

"आई, येत्या मे महिन्यात रातांबे शेजारच्या काकूंना देऊ नकोस."

"का गं?"

"सगळे लागणार आहेत. आणि एकटी फोडायला बसू नकोस. मी असेन."

ती पलीकडून "आई? आई?" करत राहिली. शेवटी यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

मी परसात गेले. झाडाला अजून फूलसुद्धा नव्हतं. तरी मी कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली आणि सांगून टाकलं, बाई गं, यंदा तुला रातांबे मिळायचे नाहीत.