स्टोव्हपाशी काका

अडुळशाची पाने उकळू लागली की आधी ओल्या गवताचा आणि मग जिभेच्या मुळाशी उतरणारा कडवट वास सुटतो. भाईंदरच्या आमच्या दोन खोल्यांत माझे बालपण त्याच वासात गेले. हिवाळ्यातले कोवळे ऊन खाडीवरून खिडकीत उतरे, आणि रत्नागिरीहून लग्न होऊन आलेली माझी काकू, जवळच्या राई गावातल्या कुंपणांवरून खुडून आणलेली पाने स्टोव्हवरच्या पातेल्यात ढवळत घामाने निथळत असे. काका बाहेर वर्तमानपत्र वाचत बसत. काढा निवला की बाटल्या पिशवीत घालून ते दुकानोदुकानी हिंडत, आणि थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, त्यामुळे त्या खपतही.

त्या काढ्याची आज औषध कंपनी झाली आहे, आणि पैसा झाला की माणसांना इतिहासही हवासा वाटतो. काकूच्या नातवाने, निखिलने, परवा कारखान्यात इतिहासाचे दालन उभारले. काकूच्या डोळ्यांदेखत तिथे तिचे नाव लागावे म्हणून मी त्याच्या किती विनवण्या केल्या. "आत्या, ब्रँडला एकच चेहरा लागतो गं," तो म्हणाला, तेही इतक्या गोड आवाजात, की मला किळस आली.

उद्घाटनाच्या दिवशी दालनात अडुळशाचा म्हणून जो सुगंध फवारला होता, त्याला खऱ्या अडुळशाने ओळखही दाखवली नसती. फितीपलीकडे काच, काचेआड स्टोव्ह, आणि हातात पळी घेऊन उभे असलेले मेणाचे काका, कपाळावर रंगवलेल्या घामासकट. निखिल आजोबांच्या तपश्चर्येवर बोलू लागला. धडधडीत खोटे शांतपणे बोलण्याची कला आमच्या घराण्यात पिढीजात आहे.

चाकाच्या खुर्चीतून काकू त्या पुतळ्याकडे बराच वेळ पाहत होती. "ह्यांना चहासुद्धा येत नव्हता करायला," ती म्हणाली. पाहुणे कौतुकाने हसले.

मी तिच्या कानाशी वाकले. "काकू, फीत कापू नकोस. आधी नाव लावायला सांग. आत्ता नाही तर कधीच नाही."

तिने कात्री घेतली, आणि फीत कापली.

"राहू दे गो," ती मला हळूच म्हणाली. "जन्मभर कधी पातेल्यापाशी आले नाहीत. आता राहू देत उभे."