संकल्प आल्हादच्या नावाचा

त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताच्या मागच्या आळीत ढुंढिराज गुरुजींचं घर आहे. खाली पूजेची खोली, मागे स्वयंपाकघर, वर यात्रेकरूंना उतरायला खोल्या. नारायण नागबळी असो की त्रिपिंडी, बाहेरगावचा यजमान इथेच राहतो, इथेच जेवतो. गुरुजींच्या पत्नी शैलाबाई पहाटे सोवळं नेसून ओट्यापाशी उभ्या राहिल्या, की यजमानाची गाडी निघेपर्यंत त्यांची पाठ जमिनीला लागत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मृण्मयी. आईचा हा जन्म बघतच ती मोठी झाली, आणि आपला जन्म असा घालवायचा नाही हे तिने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण मनाशी पक्कं धरलं.

घरात दिवसभर कानावर पडायचे ते मंत्र. मुलीला वेद कोण शिकवणार? पण उंबऱ्याबाहेर तांदूळ निवडत बसलेल्या मुलीचे कान तरी कोण बंद करणार? गुरुजी शिष्यांवर ओरडायचे, की उच्चार चुकला तर फळ उलटं मिळतं, अनुस्वार पुढचं अक्षर बघून म्हणा. शिष्य विसरायचे, हिच्या ध्यानात राहायचं. आणखी एक गोष्ट तिच्या अंगात मुरली. संकल्प सोडायचा तो यजमानाच्या नावाने, यजमानाच्या गोत्राने. घसा बसतो गुरुजींचा, पुण्य पडतं यजमानाच्या पदरात. यात कुणाला वावगं वाटत नाही. तिलाही कधी वाटलं नाही, आणि पुढे ती फसली ती तिथेच.

नाशिकच्या एका विद्यापीठात ती कॉम्प्युटर शिकली. एसटीने जायची, एसटीने यायची. शेवटची परीक्षा झाली, निकालाला अवकाश होता, तेव्हा शेखर सरांनी सांगितलं, की सुट्टीत ज्यांना काम करायचंय त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात नाव द्या. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे अन्नछत्रच म्हणा. जगभरातले लोक आपापल्या घरून थोडं थोडं रांधतात. कुणीही यावं, फुकट जेवावं, मीठ कमी वाटलं तर घालूनही जावं. फरक एवढाच, की कुणी काय रांधलं ते तिथे कायमचं लिहिलेलं राहतं, करणाऱ्याच्या नावानिशी. नोकरी देणाऱ्या कंपन्या हल्ली गुणपत्रिकेआधी तेच उघडून बघतात.

मृण्मयीला नेमकं हेच हवं होतं. गुरुजींनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर स्वतःच्या बळावर पुण्याला नोकरी लागली तर खुशाल जा, नाहीतर घरी बस. यजमान आता इंटरनेटवरून पूजा ठरवतात, ते बघायला घरचं माणूस लागतंच आहे. गुरुजी बोलतात तसं करतात, हे तिला ठाऊक होतं.

तिने घेतलेलं काम देवाच्या कामासारखंच होतं. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम. तो वाचायचा खरा, पण कसा, तर कालच हिंदी मुलखातून आलेल्या पाहुण्यासारखा. एकोणतीसला उनतीस म्हणायचा. चमच्यातला च आणि चंद्रातला च त्याला एकच. विद्यापीठातल्या मुलांच्या गटाचा म्होरक्या आल्हाद, एमएस्सीचा, मागच्या वर्षीपासून या प्रकल्पात असलेला. नव्यांनी पाठवलेलं काम कुणीतरी तपासून मंजूर करीपर्यंत रांगेत थांबतं. आल्हादला मात्र थेट आत टाकायचा अधिकार मिळालेला होता. तोंडात साखर, वागायला अदबशीर, सगळी मुलं त्याला दादा म्हणायची.

प्रोग्रॅम वापरून चुका सांगायला देवळाली कॅम्पचे महेशकाका होते. जन्मांध, एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. ते फार बोलतात म्हणून आल्हादने त्यांचा फोन मृण्मयीच्या गळ्यात घातला. काकांचा समज असा झाला, की ही आल्हाद सरांकडे फोन घ्यायला ठेवलेली मुलगी. "सरांना सांगा हं ताई," असं म्हणून ते चुका सांगायचे. तिने तो समज दूर केला नाही. एवढ्यातेवढ्यासाठी काय सांगायचं, असं तिला वाटलं.

तो सगळा उन्हाळा तिने वरच्या गच्चीलगतच्या बोळात काढला. डोक्यावर यजमानांची ओली धोतरं, शेजारून कुणी ना कुणी गरम पाणी मागायला येणार. खाली आई बोलत असली की ही कान देऊन ऐकायची, चूल कशी म्हणते, चहा कसा म्हणते, आणि तसं लिहायची. एकपासून शंभरपर्यंत मराठीतला प्रत्येक आकडा आपल्या तऱ्हेचा, एकाचं दुसऱ्याला लागू नाही. ते सगळे तिने बसवले. पैसे असतील तर हजार-लाखात वाचायचं, फोन नंबर असेल तर एकेक आकडा सुटा वाचायचा, हेही तिनेच. ते जमलं त्या दिवशी तिने फोनवरूनच काकांना ऐकवलं, तेव्हा काका लहान मुलासारखे हसले.

पण तिने पाठवलेलं पुढे सरकेना. तपासणारे कुठे परदेशात, त्यांना मराठीचा गंध नाही. तेव्हा आल्हाद म्हणाला, "अगं, तुझ्या नावाने पाठवलं की पडून राहतं. माझ्याकडे दे, मी टाकतो, आजच्या आज आत जाईल. काका बिचारे थांबलेत. शेवटी सगळ्यांची नावं घालूच की."

तिने दिलं. मागेपुढे बघितलंसुद्धा नाही. मंत्र आपण म्हणायचे, नाव यजमानाचं, हे तर घरी रोजचंच होतं. काकांचं काम अडू नये एवढंच तिच्या मनात. त्यानंतर तिच्या बोळातून निघालेलं प्रत्येक अक्षर आल्हादच्या नावाने अन्नछत्रात गेलं.

सुट्टी संपता संपता विद्यापीठात समारंभ झाला. आल्हादला शाल-श्रीफळ, शेखर सरांचं भाषण, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोघांचा फोटो. महेशकाकांना हाताला धरून व्यासपीठावर आणलं होतं. त्यांनी चाचपत आल्हादचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, की या मुलाने मला माझ्या भाषेत डोळे दिले. सगळं सभागृह हळवं झालं. मृण्मयी मागच्या रांगेत गटातल्याच यशश्रीशेजारी बसली होती. पडद्यावर शेवटी नावं आली. आल्हादचं मोठं, मग सरांचं, आणि अगदी तळाला एक ओळ, भाषा साहाय्य: मृण्मयी.

"भाषा साहाय्य म्हणजे काय गं?" यशश्रीने कोपर मारून विचारलं. "दादाला अ आ इ ई तू शिकवलीस का?"

मृण्मयी हसली. तेव्हा तिला हसू आलं, ही गोष्ट पुढे तिला फार बोचली.

श्रावणात पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घरूनच, पडद्यावर होती. खाली यजमानांची गर्दी, म्हणून शैलाबाईंनी देवघर मोकळं करून दिलं आणि आपण दाराशी उभ्या राहिल्या. समोर निकिता मॅडम. बोलायला चांगल्या होत्या. मृण्मयी अर्धा तास त्या वाचणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल बोलली, मॅडम मान डोलवत ऐकत होत्या. मग त्यांनी प्रकल्पातली कामाची नोंद उघडली.

"तुझ्या नावावर तर चार-दोन किरकोळ दुरुस्त्या आहेत. एक स्वल्पविराम, एक जोडाक्षर. बाकी सगळं काम कुणा आल्हादचं दिसतंय."

"ते मी केलंय मॅडम. त्यांच्या नावाने गेलं फक्त."

"असं का बरं?"

याचं उत्तर पुण्यातल्या माणसाला कसं द्यायचं? तिने सांगून पाहिलं. मॅडमनी ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "हे बघ मृण्मयी, तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण हे मला दर मुलाखतीत कुणी ना कुणी सांगतं. माझ्यापुढे जे लिहिलेलं आहे तेवढंच मी धरू शकते." मुलाखत तिथेच संपली.

ती आल्हादकडे गेली. आता ते काम माझं आहे एवढं दोन ओळींत लिहून दे, म्हणाली. आल्हादने तिला चहा पाजला. नोंद आता बदलता येत नाही असं सांगितलं. खरं तर पत्र देता आलं असतं, पण त्याचीही तेव्हा परदेशी कंपनीशी बोलणी चालली होती, आणि तो त्यांना हेच काम दाखवत होता. हे त्याने सांगितलं नाही, यशश्रीकडून कळलं. निघताना त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "चिडू नकोस गं. तुझ्याशिवाय झालंच नसतं, हे मी सगळ्यांना सांगतो." सगळ्यांना म्हणजे कुणाला, हे देव जाणे.

मग ती शेखर सरांकडे गेली. सरांनी चष्मा पुसत तिला समजावलं, की मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माझं-तुझं नसतं. "आणि तुम्ही तर गुरुजींच्या घरातल्या. निष्काम कर्म मी तुम्हाला शिकवावं का?" त्यांच्यामागे भिंतीवर वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत लावलेला होता. गीतेचा आधार असा दुसऱ्याला सांगण्यापुरता घेणारी माणसं देव बघत असतो, पण तो लगेच काही करत नाही, ही मोठी पंचाईत आहे.

घरी शैलाबाईंचा जीव जळत होता. त्या भाजी चिरता चिरता म्हणून गेल्या, "आंधळं दळतं आणि..." मग मुलीने उन्हाळाभर कुणासाठी दळण दळलं ते आठवून त्यांनी जीभ चावली आणि पुढची भाजी विळीवर धरली.

गुरुजी संध्या आटोपून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"संकल्प कुणाच्या नावाने सोडला होतास?"

"आल्हादच्या."

"मग फळ त्याचं. यात त्याने चोरलं काय?"

"बाबा, तुम्ही दक्षिणा तरी घेता."

"ती आधी ठरवायची असते."

एवढं बोलून ते जपाला लागले. ते रागावले नव्हते. त्यांच्या दृष्टीने त्यांनी शास्त्र सांगितलं. मृण्मयीला मात्र त्या क्षणी वाटलं, की इतकी वर्षं या घरात आपण ऐकलं सगळं, पण विचारलं कधी काहीच नाही.

दिवाळी गेली. गुरुजींनी शब्द फिरवला नाही. मृण्मयी आता यजमानांच्या खोलीखाली टेबल टाकून बसते. गुजरातेतून, आंध्रातून फोन येतात. नाव, गोत्र, किती माणसं, जेवणात कांदा-लसूण चालत नाही ना. आईबरोबर ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही एवढंच. यजमान निघेपर्यंत पाठ तिचीही टेकत नाही.

अशात एक दिवस महेशकाकांचा फोन आला. आवाज रडवेला. प्रोग्रॅम नवा करून घेतल्यापासून तो फोन नंबर वाचताना कोटी, लाख, हजार म्हणत होता. नंबर ऐकता ऐकता काकांचा जीव मेटाकुटीला यायचा, चुकीच्या घरी फोन लागायचे, कचेरीत साहेब बोलायला लागले होते. सरांना पुष्कळदा कळवलं ताई, म्हणाले, पण ते फार कामात असतात.

तिने उघडून बघितलं. आल्हादने नवं काही घालताना तिचा तो सुट्या आकड्यांचा भाग उडवून टाकला होता. तो कशासाठी होता हेच त्याला माहीत नसणार. बिघडवलं त्याने, निस्तरणार कोण? तिने एका दुपारी यजमानांच्या फोनांतून वेळ काढून तो भाग पुन्हा लिहिला आणि या वेळी आपल्या नावाने पाठवला. तो रांगेत जाऊन बसला. खाली लिहून आलं, की मराठीचे काम पाहणारे आल्हाद यांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत. मधल्या काळात त्याला तो मान मिळाला होता.

संध्याकाळी त्याचा निरोप आला. छान केलंस, पण असं नको पाठवूस, फाईल मला दे, मी माझ्याकडून टाकतो, लवकर जाईल.

तिने दिली नाही. उत्तरही दिलं नाही. रोज सकाळी देवाला दिवा लावून ती बघायची, तर ते तसंच प्रतीक्षेत. नाव सोडलं असतं तर काकांचं काम दुसऱ्याच दिवशी झालं असतं. न सोडल्याने ते अडून होतं. आपण धर्माने वागतोय की हट्टाने, हे तिला कळेना. शेवटी काकांचा पुन्हा फोन आला. साहेबांनी त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवायची भाषा केली होती.

तेव्हा तिने आईला सांगितलं आणि एसटी धरली. नाशिकला उतरून देवळालीची बस पकडली. महेशकाका कॅम्पात बाजारामागे दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या बायकोने दार उघडलं, पाणी दिलं. मृण्मयीने त्यांच्या कॉम्प्युटरवर आपलं दुरुस्त केलेलं हाताने चढवलं. अन्नछत्रात नाही गेलं तर डब्यातून नेऊन एकाला तरी वाढावं, तसं. मग एक नंबर वाचायला लावला. नऊ, आठ, दोन, दोन, असा एकेक आकडा खोलीत सुटा पडत गेला. काकांनी तो नंबर पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला, आणि हात जोडले ते तिच्या जरा डावीकडे.

"सरांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही काका. हे मी केलंय. मागचंही सगळं मीच केलं होतं."

काका थोडे गोंधळले. माणूस चांगला आहे, कुणाला दुखवायचा नाही. ते म्हणाले, "हो, हो. सर सांगायचे ना, तुमची मदत व्हायची म्हणून." मग त्यांना आठवलं, की आपल्यासारखे आणखी पुष्कळ ऑपरेटर आहेत, मनमाडला आहेत, धुळ्याला आहेत, त्या सगळ्यांची हीच ओरड आहे. "त्यांना हे कधी मिळेल ताई?"

"मंजूर झालं की."

"मंजूर कोण करतं?"

"आल्हाद."

"मग काळजी नाही," काका निश्चिंत होऊन म्हणाले. "देवमाणूस आहे तो."

काकांच्या बायकोने पोह्यांची बशी पुढे केली. मृण्मयीने ती घेतली आणि सगळे पोहे खाल्ले. पुढ्यात आलेलं अन्न टाकायचं नाही, असं तिच्या घरी शिकवलेलं आहे.