भेलेलं रगत

काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरायची, डावा डोळा मिटायचा आणि नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं त्या नळीतल्या रक्ताकडे बघायचं. मग मान वळवून म्हणायचं, "बाई, हे रगत भेलं."

बाई म्हणजे मी. वाशीमच्या एका दवाखान्यात मी नर्स होते आणि हे म्हणणारे तिथे रक्त-लघवी तपासायचे. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. सगळे त्यांना लॅबवाले काका म्हणत. सुई ओली राहिली, पिचकारी जोरात ओढली किंवा नळी हिंदकळली, की रक्तातल्या पेशी फुटतात आणि वरचं पिवळं पाणी लाल होतं. त्यालाच काका रक्त भेलं, म्हणजे घाबरलं, म्हणत. असलं रक्त सरळ मोरीत जायचं. मला भारी राग यायचा, कारण त्याच रोग्याला पुन्हा टोचायला मीच जायची आणि शिव्याही मीच खायची.

असा एकेक माणूस तुम्हीही पाहिला असेल, दुसऱ्याच्या चुकीवर टपून बसलेला. पण काकांची चूक काढायला आम्हाला कधी जागा सापडली नाही.

आसपासच्या मंगरूळपीर, मालेगावकडून रक्त मोटारीनं यायचं. काकांनी त्यासाठी तंबाखूचे रिकामे डबे जमवले होते. डब्यात कापूस ठासायचा, मधोमध नळी रोवायची आणि आणणाऱ्यानं डबा मांडीवर घेऊन बसायचं. एकदा इंझोरीचा एक माणूस डबा तळहातावर धरून अख्खा रस्ता उभा आला. खाली बसलं की धक्के लागतात म्हणाला. काकांनी त्याला स्वतः चहा पाजला आणि आठवडाभर आम्हाला त्याचं नाव ऐकवून छळलं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्या काळात एक नवी तपासणी सुरू केली. म्हाताऱ्या पुरुषांना लघवीच्या वाटेवरच्या ग्रंथीचा कॅन्सर होतो. तो हाडात उतरला की त्या ग्रंथीतलं एक एन्झाइम रक्तात वाढतं. पंचाईत अशी, की तेच काम करणारं एन्झाइम रक्तपेशींतही असतं. मला काही केल्या उमजेना. शेवटी काका म्हणाले, "सालदार साऱ्यायच्याच वावरात असते न? काम एकच. पन पाटलाचा गडी येगळा, आपला येगळा. हे तपासनी निस्तं काम मोजते. गडी कोनाचा, ते नाई सांगत."

"मग ओळखायचं कसं?"

त्यांनी एक बाटली पुढे केली. "चिंचेत असते तेच आम्ल. हे टाकलं का ग्रंथीवाल्याचे दात आंबतात, तो काम सोडते. रगतातल्याले काईच होत नाई."

म्हणून ते दोन नळ्या लावत, एक आम्लाची आणि एक साधी. काम झालं की निळा रंग चढायचा. दोन्ही निळ्या झाल्या तर गडी रक्तातला, रोग्यानं खुशाल घरी जाऊन भाकर खावी. आम्लाची नळी फिकी राहिली, तर मात्र रोग्याचं खरं नव्हतं. रक्त फुटलेलं असलं की रक्तातल्या गड्यांचीच एवढी गर्दी व्हायची की फरकावर भरवसा नसे. काकांचा सगळा आकांत त्यासाठी होता.

मग त्यांच्या दादांचं रक्त आलं.

दादा म्हणजे थोरले भाऊ, मंगरूळपीरजवळ वांगी-मेथीचा मळा करणारे. त्यांनीच भाजीची टोपली डोक्यावर वाहून काकांना शिकवलं होतं. त्यांची कंबर काही महिने धरली होती. पहिलं रक्त मोटारीनं आलं ते लालभडक होऊन. काकांनी ते मोरीत ओतलं, आणि ओतताना त्यांना बरं वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या खेपेला दादा स्वतः आले, माझ्यासाठी मेथीची जुडी घेऊन. मी पिचकारी उकळली, कोरडी केली आणि इतकं हळू रक्त ओढलं की दादा म्हणाले, "बाई, झोप लागून राह्यली मले." तासाभरानं नळीत गाठ खाली बसली आणि वर जवसाच्या तेलासारखं स्वच्छ पाणी आलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नळी तपासायला घेतली. रक्त चांगलं होतं.

दुपारी मी रिपोर्ट आणायला गेले. स्टँडवर दोन नळ्या होत्या. साधी गडद निळी होती आणि आम्लाची फिकी. काका माझ्याकडे पाठ करून उभे होते. उरलेल्या रक्ताची नळी त्यांच्या हातात होती. तिच्या तोंडावर अंगठा दाबून ते ती जोरजोरात हलवत होते.

"काका, काय करून राहिलात?"

"रगत भेलं, बाई." माझ्याकडे न बघता त्यांनी स्टँडवरच्या नळ्याही मोरीत रिकाम्या केल्या आणि कागदावर लिहिलं, 'रक्त फुटले. पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यावे.' बाहेर बाकावर दादा होते. त्यांना कळल्यावर ते हसून काकांना म्हणाले, "फुटलं त फुटलं, बापू. पुढच्या खेपेले वांगे आनतो."

मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पंधरा दिवसांनी काय बिघडतं, असं मनाशी म्हटलं आणि मेथीची जुडी घेऊन घरी गेले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पंधरा दिवसांनी दादा आले नाहीत. दीड महिन्यानं आणलं ते बाजेवर घालून. पाय गेले होते. कुशीवर वळवताना ते ओरडत. डॉक्टरांना रिपोर्टची गरजच उरली नाही. ते चिडून म्हणाले, "इतके दिवस काय केलंत? वेळेवर नागपूरला नेलं असतं तर ऑपरेशन झालं असतं. दुखणं तरी थांबलं असतं, पाय राहिले असते."

काका बाजेचा खूर धरून उभे होते.

बोलले ते दादा. "साहेब, बापूले बोलू नका. त्यानं दोन खेपा पाह्यलं. माह्यंच रगत भेकड हाय, तो काय करन?"

ज्वारी हुरड्यावर यायच्या आत दादा गेले. काका डोकं भादरून पुन्हा कामावर आले. वर्षभर होते. मग नोकरी सोडून दादांच्या मळ्यावर राहायला गेले, आणि त्यांच्या जागी जे कोणी आलं ते डबे-बिबे ठेवणारं नव्हतं.

त्या वर्षातला एक दिवस सांगते. माझी सुई ओली राहिली होती आणि रक्त लाल झालं होतं. मी नळी त्यांच्यापुढे धरली आणि बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले. खरं सांगते, मला ती हवी होती. काकांनी नळी खिडकीकडे नेली. डोळा मिटला नाही.

"चालते, बाई," ते म्हणाले आणि लिहायला बसले.

मी नळी त्यांच्या हातातून काढून घेतली, मोरीत ओतली आणि रोग्याला पुन्हा टोचायला गेले.