एकशे सत्तर बाय एकशे दहा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, दाजींपाशी नाही — आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या अक्काला तर नाहीच. सहा वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही अक्काला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच. माझी हिंमत एवढीच.

आधी माझं काम सांगतो. जळगावला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत मी पावसाचे आणि धरणाच्या पातळीचे आकडे नोंदवतो. चौकीदार आकडा कळवतो, मी तो तपासून वहीत चढवतो. कुणी पर्जन्यमापक न बघताच अंदाजे आकडा ठोकून दिला, तर मला लगेच कळतं. आज वीस, उद्या पंचवीस, परवा तीस — पाऊस असा मोजून-मापून पडत नसतो. खोटा आकडा बहुतेक वेळा गोल असतो. यावरून मी किती जणांना झापलं असेल!

अक्का माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी. आई शेतात निंदायला जायची तेव्हा मला कडेवर घेऊन गावभर फिरायची ती हीच. लग्न होऊन धुळ्याला गेली, देवपुरात राहते. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिचा ताप उतरेना. हातापायांवर निळे डाग उठायला लागले. तपासणीत ल्युकेमिया निघाला — रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर जळगावचे मिळाले, म्हणून ती आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, आमच्याकडे राहायला आले. पहिला महिना मात्र सगळा दवाखान्यातच गेला.

घरात कामं वाटली गेली. माझी बायको सुनंदा डबा करायची — सगळं उकळलेलं, वरून कोथिंबीरसुद्धा नाही. दाजी दिवसभर खाटेपाशी. आणि माझ्याकडे आकडे. वहीत मी तीन रकाने आखले : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. केमोने अक्काचे केस गेले तेव्हा आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘चला, तेल वाचनं!’’ दाजी हसता हसता बाहेर निघून गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी. केमोने त्याही मरतात. मग दुसऱ्याच्या घ्याव्या लागतात — त्याच रक्तगटाच्या माणसाला मशीनला जोडतात, रक्त बाहेर येतं, त्यातल्या प्लेटलेट काढून उरलेलं रक्त परत अंगात जातं. दीड-एक तास लागतो. अशा माणसांची यादी करणं माझ्याकडे होतं. चौदा नावं जमवली. नाव, गट, फोन, मागे कधी दिलं होतं. रक्तपेढीशी बोलणारा घरातला माणूसही मीच — हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यामुळेच जमलं.

यादीत पहिलं नाव माझं होतं. अक्काचा आणि माझा गट एकच. ‘‘बापू घरचाच आहे, त्याला अडीनडीला राखून ठेवू,’’ असं दाजी म्हणाले, आणि मी मान हलवली. किती बरं वाटलं होतं मला तेव्हा, ते ओळखायला हवं होतं मी.

अडीनडी आलीच. सोळाव्या दिवशी सकाळी अक्काच्या प्लेटलेट नऊ हजारांवर आल्या. त्या दिवशी ज्याचा नंबर होता त्याला ताप भरला होता. मी दाजींना म्हणालो, ‘‘मी जातो.’’ रक्तपेढी खालच्याच मजल्यावर. माझं रक्त तपासायला घेतलं आणि मी बाकावर बसून राहिलो.

समोर काचेपलीकडे एक माणूस मशीनला जोडलेला होता. सुई जाड होती. नळीतून त्याचं रक्त जाताना दिसत होतं — आणि परत येताना. परत येणारं रक्त थोडं गार लागतं, ओठांना मुंग्या येतात, असं त्याने मधेच कुणाला तरी सांगितलं. मी ते ऐकलं.

मग रक्तपेढीतली मुलगी कागद घेऊन आली. वजन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, बीपी — सगळं ठीक. माझा दंड दाबून बघत ती म्हणाली, ‘‘काका, शिरा तर एकदम मस्त आहेत तुमच्या! या आत.’’

मी म्हणालो, आलोच, जरा चहा घेऊन येतो.

खाली उतरलो. चहा घेतला नाही. टपरीपाशी उभा राहून तिला फोन केला की घरून तातडीचा निरोप आलाय, मला जावं लागतंय, दुसरा माणूस पाठवतो. आणि वर जाऊन दाजींना सांगितलं — बीपी फार निघालं, मला नको म्हणाले. किती? त्यांनी विचारलं नसतं तरी मी सांगणारच होतो. ‘‘एकशे सत्तर बाय एकशे दहा.’’

गोल आकडा. सांगायला तोंडाला जरासुद्धा जड गेला नाही.

यादीत माझ्या नावापुढे मी माझ्याच अक्षरात लिहिलं : अपात्र.

सुईला भ्यालो, एवढंच का? मला वाटत नाही. तिथे पडून राहायचं होतं, आणि तेवढा वेळ माझ्या हातात काही राहणार नव्हतं. यादी नाही, फोन नाही. आतून मी असा आहे, हे पन्नाशीला टेकेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

मग मी फोनवर फोन केले. नावं नेहमीपेक्षा भराभर पुढे सरकवली, जास्त आवाज केला. आमचा एक चौकीदार आहे भिकनभाऊ, यावलकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावर असतो. यादीत शेवटून दुसरा. तो म्हणाला, येतो. पण धरणावरून यावल, यावलहून जळगाव — यायला चार तास, मग तपासणी, मग मशीन. तोवर अक्काच्या नाकातून रक्त यायला लागलं होतं. थेंब-थेंब, थांबेना. हिरड्यांतूनही.

मी आत गेलो की तिने पदर तोंडावर घेतलेला असायचा. मला वाटलं, मळमळतंय. दाराबाहेर उभा असताना तिचा आवाज ऐकू आला. दाजींना सांगत होती, ‘‘बापूले सांगू नका. त्यानं बीपी वाढी जाई.’’

हे वाक्य मी ऐकलं. तेव्हाही खाली रक्तपेढी होती, माझी तपासणी झालेली होती, मुलगी तिथेच होती. एक जिना. मी उतरलो नाही.

भिकनभाऊ दुपारी आला, चपलेला धरणकाठचा चिखल तसाच. मला म्हणाला, ‘‘मले सकाळीच सांगितलं असतं तं पहिल्या गाडीनं आलो असतो, साहेब. तुमचं नाही चाललं का?’’ मी म्हणालो, बीपी. ‘‘मंग तुम्ही टेन्शन नका घेऊ,’’ म्हणाला आणि आत जाऊन झोपला. याच भिकनला मी त्या आधीच्या पावसाळ्यात अंदाजे आकडा टाकला म्हणून सगळ्यांसमोर बोललो होतो.

संध्याकाळी पिशवी चढली. अक्काचं रक्त थांबलं. त्या दिवशी तिचं काही बरंवाईट झालं नाही. झालं असतं तर मी हे लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. एवढं मी स्वतःला ओळखतो.

इथे संपलं असतं, तर कदाचित विसरूनही गेलो असतो. पण अक्काने माझं बीपी मनावर घेतलं. घरी आल्यावर, भिंतीला धरून चालायची तेव्हापासून, तिने माझ्या ताटातलं मीठ बंद केलं. सुनंदाला ताकीद — भाजी आधी बापूची काढायची, मग मीठ. ठेचासुद्धा वेगळा, बिनमिठाचा. तुम्ही खाल्लाय कधी? नुसती आग असते, चव नसते.

आणि कळण्याची भाकरी. आमच्याकडे कळणा दळतानाच ज्वारी-उडदात खडेमीठ घालतात, ते नंतर काढता येत नाही. म्हणून धुळ्याला परत गेल्यावर ती गिरणीत उभी राहून माझ्यापुरतं बिनमिठाचं दळण वेगळं दळून घ्यायला लागली. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. पीठ उडतं तिथे तुम्ही उभ्या राहू नका, म्हणून दाजी भांडायचे. दर महिन्याला पिशवी येते, वर तिच्या अक्षरात चिठ्ठी — ‘बापू’.

पुढे मी एकदा धुळ्याला गेलो तर तिने शेजारून बीपीचं मशीन मागून आणलं. मला वाटलं, आता उघडं पडणार. एकशे बावीस बाय ऐंशी निघालं. काय सांगू तिचा चेहरा! ‘‘दखा! पथ्य लागू पडनं!’’ टाळ्या वाजवल्या तिने. स्वतःचा रिपोर्ट चांगला आला तेव्हाही इतकी हरखली नव्हती.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता वर्षातून एकदाच या. त्या आनंदात तिने देवपुरात सगळ्यांना जेवायला बोलावलं. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. सगळे तिच्या हिमतीचं कौतुक करत होते. तर ती तव्यापाशी बसल्या बसल्या म्हणाली, ‘‘मी तं बरी व्हयनूच, पन बापूनं बीपीबी मीच उतारं!’’ सगळे हसले. तिच्या डोक्यावर आता केस आहेत, पिकलेले, दाट. जाळाच्या उजेडात तिचा चेहरा घामेजलेला होता. ती माझ्याकडे बघत होती — मी होकार देईन म्हणून.

तेव्हा बोलायला हवं होतं. सगळे होते, वेळही होती. मी मान डोलावली आणि म्हणालो, ‘‘खरं आहे. अक्का नसती तर माझं काही खरं नव्हतं.’’

तिला भरून आलं. तिने पदराने डोळे पुसले, माझ्यासाठी निराळी केलेली भाकरी तव्यावरून उतरवली आणि उठून स्वतः माझ्या ताटात वाढली. मी ती सगळी खाल्ली.