गोळ्या कपाटात ठेवून बाळंतपणाला

नवा रायपूरमधल्या आमच्या कार्यालयात मी हात पुढे करून क्षयमुक्तीची शपथ घेतली, तेव्हा बायकोच्या क्षयाच्या गोळ्यांचा दुसरा महिना संपत होता. मंचावर झेंडू इतका, की पडद्यावरचं फुफ्फुस त्यामागे गुदमरलं होतं.

त्याच आठवड्यात ती धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी अकोल्याला निघाली. गोळ्या तिनं कपाटातच ठेवल्या.

"तिथं कोणं पाह्यल्या तर आपल्या पोट्टीचं लग्न कसं जमन? अन् आता मले काय झालं?"

खोकला थांबला होता, वजन वाढलं होतं. आमच्याकडे ब्लाउज घट्ट झाला की माणूस बरा झाला असं धरतात. चार पुस्तकं वाचलेला मीही तेच धरलं.

ती दीड महिना राहिली. बाळ तिच्याच कुशीत झोपायचं. शेवटी-शेवटी पुन्हा खोकला आला, तेव्हा बाळाला देतात त्या ओव्याच्या धुरीला सगळ्यांनी दोष दिला.

रायपूरला परतल्यावर थुंकी तपासली. जंतू होते. डॉक्टरीण तरुण होती, मराठी समजायची, बोलायची हिंदीत. "दवा क्यों छोड़ी, भैया?" असं मलाच विचारून तिनं कागदावर एक गोल काढला. ही शरीराची रक्षक पेशी. ती जंतू गिळते, एका पिशवीत कोंडते आणि त्या पिशवीत आम्ल सोडून त्याला मारते. क्षयाचा जंतू मात्र ते आम्ल पिशवीपर्यंत पोचूच देत नाही. मेणचट कवच पांघरून तो तिथंच राहतो. काही जंतू तर निपचित पडून असतात, औषधालाही लवकर दाद देत नाहीत. म्हणून गोळ्या सहा महिने.

मी त्या गोलाकडे बघत राहिलो. मारायला नेमलेल्याच्याच पोटात हा बिऱ्हाड करून होता, आणि आम्ही तिकडे वजन मोजत होतो.

"घर में और कौन था?" डॉक्टरणीनं विचारलं.

बायको उठून बाहेर गेली. तिनं दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच अकोल्याला जावेला फोन लावला. मीही कान लावला.

"बाई, बाळाले आजच डॉक्टरकडे ने. तू बी तपासून घे. मले टीबी आहे."

 जाऊ म्हणाली, "ताई, तुमाले ठाऊक होतं?"

बायकोनं "हो" म्हटलं. तेवढ्यात पलीकडे बाळ खोकलं की नुसतं शिंकलं, आम्हाला दोघांनाही कळलं नाही.